कवीच्या जयंतीचं जेवण

स्कॉटलंडमधला जानेवारी हा अंधाराचा महिना. एडिंबरामध्ये सकाळचे आठ वाजून गेले तरी नीट उजाडत नाही आणि दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो. हॉगमने, म्हणजे तिथलं नववर्ष, पहिल्या काही दिवसांतच आटोपतं. नाताळची रोषणाई उतरते, रस्ते ओले आणि करडे दिसू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत खाटकांच्या दुकानांच्या काचांवर, पबबाहेरच्या फळ्यांवर, चर्चच्या सभागृहांच्या दारांवर एक नाव झळकायला लागतं : रॉबर्ट बर्न्स. २५ जानेवारी हा त्याचा जन्मदिवस. त्या रात्री आणि तिच्या आगेमागे देशभर, गावोगावच्या सभागृहांत, शाळांत, घराघरांत ‘बर्न्स सपर’ होतात. कवीच्या जयंतीसाठी खाटकाकडे आगाऊ मागणी नोंदवावी लागते, असा देश मी पहिल्यांदाच पाहत होतो.

एडिंबरामध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलो त्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या फलकावर या जेवणाची सूचना लागली आणि मी लगेच नाव नोंदवलं. माझ्याच मजल्यावर इन्व्हरनेसचा एक मुलगा राहायचा. त्याने मला आधीच बजावलं होतं की, हे नुसतं जेवण नाही, त्याला ठरलेला क्रम आहे. कुठे उभं राहायचं, कुठे प्याला उंचवायचा हे कळलं तर मजा येते. संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात भांडी घासता घासता त्याने तो क्रम मला समजावून सांगितला. पुढे लक्षात आलं की, दोनशेहून अधिक वर्षं ही प्रथा टिकली, पसरली, त्याचं कारण त्या क्रमातच आहे.

सभागृहात लांबलचक टेबलं मांडली होती. त्यांवर टार्टनच्या, म्हणजे चौकटींच्या लोकरी कापडाच्या, पट्ट्या अंथरल्या होत्या. समोर मानाचं टेबल. वॉर्डनबाई, त्या दिवशीचे पाहुणे वक्ते आणि कार्यक्रमात भाग घेणारे तिथे बसणार होते. स्कॉटिश मुलं किल्ट घालून आली होती. किल्टच्या बारीक चुण्या मागच्या बाजूला असतात, समोर कमरेला ‘स्पोरन’ नावाची चामडी पिशवी लटकते आणि उजव्या पायाच्या मोज्यात ‘स्कियन डू’ हा छोटा सुरा खोचलेला असतो. नायजेरिया, चीन, इराण, ग्रीस, भारत अशा ठिकाणांहून आलेले आम्ही बाकीचे आपापल्या चांगल्या कपड्यांत होतो. आमच्यातल्या एका पुण्याच्या मुलीने पैठणी नेसली होती आणि त्या टार्टनच्या गर्दीत ती अजिबात वेगळी वाटत नव्हती.

दारात उभ्या असलेल्या वादकाने बॅगपाइप फुंकला आणि सगळे जागच्या जागी स्तब्ध झाले. बंद खोलीत बॅगपाइप ऐकणं हा विलक्षण अनुभव असतो. हे मुळात मोकळ्या माळावर ऐकू जावं म्हणून घडवलेलं वाद्य. एक अखंड आधारस्वर खाली घुमत राहतो आणि त्यावर सुरावट चढते. छातीत कंप जाणवतो. मानाच्या टेबलावरची मंडळी त्या सुरांवर चालत आली, बसली आणि वॉर्डनबाईंनी स्वागताचे दोन शब्द बोलून एका विद्यार्थ्याला ‘सेल्कर्क ग्रेस’ म्हणायला सांगितलं.

ही चार ओळींची प्रार्थना. बर्न्सने ती सेल्कर्कच्या उमरावाकडे जेवायला गेला असताना म्हटली असं सांगतात, पण शब्द त्याच्या आधीपासून लोकांत प्रचलित होते. आशय अगदी साधा : काहींकडे अन्न आहे पण खाववत नाही, काहींना खाववतं पण अन्न नाही, आपल्याकडे दोन्ही आहे, म्हणून देवाचे आभार. आपल्याकडे पंगतीत पहिला घास घेण्याआधी श्लोक म्हणतात, मग एकेक जण आपल्याला पाठ असलेला श्लोक खड्या आवाजात म्हणतो आणि पंगत त्याला दाद देते. त्या रात्री मी अशाच एका पंगतीत बसलो होतो. फरक इतकाच की, इथे सगळे श्लोक एकाच माणसाचे होते.

सुरुवातीला कॉक-ए-लीकी हे कोंबडी आणि लीकच्या पातीचं पातळ सूप आलं. कुठे कुठे त्याऐवजी जव आणि भाज्यांचं स्कॉच ब्रॉथ देतात, किनाऱ्याकडे धुरावलेल्या हॅडॉक माशाचं, दूध-बटाटा घातलेलं कलन स्किंक. सूप संपून वाडगे उचलले गेले, दिवे किंचित मंद झाले आणि पुन्हा बॅगपाइप वाजू लागला.

आता सगळे उभे राहिले. पुढे वादक, त्याच्या मागे पांढऱ्या कपड्यांतला मुख्य आचारी, त्याच्या हातातल्या मोठ्या थाळीत वाफाळणारा हॅगिस, आणि सर्वांत मागे व्हिस्कीची बाटली घेतलेला एक विद्यार्थी, अशी मिरवणूक टेबलांमधून फिरली. लोक ठेक्यात टाळ्या वाजवत होते. थाळी मानाच्या टेबलावर ठेवली गेली. आता बर्न्सची ‘अ‍ॅड्रेस टू अ हॅगिस’ ही कविता म्हटली जाणार होती.

हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुसं शिजवून बारीक करायची, त्यात भाजलेल्या ओटचा भरडा, कांदा, चरबी, मीठ, भरपूर मिरपूड आणि जायपत्रीसारखे मसाले घालायचे आणि हे सगळं मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून ती शिवून कित्येक तास मंद उकळायची. आता बहुतेक ठिकाणी पोटाऐवजी कृत्रिम आवरण वापरतात. हे गरिबांचं अन्न. जनावर कापलं की चांगलं मांस विकलं जायचं किंवा जमीनदाराकडे जायचं. जे लवकर नासतं आणि ज्याला भाव नाही, ते घरी उरायचं. त्यात डोंगराळ, थंड जमिनीत गव्हापेक्षा चांगलं येणारं ओट मिसळलं की कुटुंबाचं पोट भरायचं.

बर्न्सने ही कविता १७८६ साली लिहिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती एडिंबराच्या ‘कॅलेडोनियन मर्क्युरी’ या वृत्तपत्रात छापून आली. त्या काळी एडिंबराच्या श्रीमंत घरांत फ्रेंच पदार्थांची चलती होती. बर्न्सने मात्र हॅगिसला साऱ्या पुडिंगांच्या जातीचा सरदार म्हणून थेट हाक मारली, परदेशी रश्शांवर पोसलेल्या नाजूक माणसाशेजारी हॅगिसवर वाढलेल्या शेतकऱ्याचं मनगट ठेवलं. कवितेत विनोद भरपूर आहे, पण त्याखाली ठाम भूमिका आहे : आमच्या घरात जे शिजतं आणि आमच्या तोंडी जी बोली आहे, त्याची आम्हाला लाज नाही.

ती कविता म्हणायला उठला तो आमच्या वसतिगृहातली नळ-विजेची दुरुस्ती पाहणारा कर्मचारी. रोज निळ्या अंगरख्यात दिसणारा हा मितभाषी गृहस्थ त्या दिवशी किल्टमध्ये होता. हातात कागद नाही. आठही कडवी त्याला पाठ. तो हॅगिसशी बोलू लागला, त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागला, आवाज चढवू लागला. तिसऱ्या कडव्यात शेतकरी सुरी पुसतो असा उल्लेख येतो. तिथे त्याने सुरी उपसली, बाहीला पुसली आणि पुढच्याच ओळीवर हॅगिसच्या पोटात खुपसून उभा छेद दिला. वाफेचा लोट उठला, मिरीचा आणि ओटचा वास पसरला आणि सभागृहात आरोळी उठली. मला शब्द पूर्ण कळत नव्हते. स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण असली तरी कानाला तिची सवय लागायला वेळ लागतो. पण टेबलावरचे निम्मे लोक ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होते, हे मी पाहिलं. शेवटी सगळ्यांनी प्याले उंचावून हॅगिसच्या नावाने घोट घेतला. ज्यांना दारू वर्ज्य होती त्यांच्या प्याल्यात आयर्न ब्रू हे नारिंगी रंगाचं स्कॉटिश शीतपेय होतं. त्यांचा मान तेवढाच.

ताटात हॅगिसबरोबर ‘नीप्स’ आणि ‘टॅटीज’ येतात : सलगमाच्या कुळातल्या स्वीड या कंदाचा केशरी लगदा आणि लोण्यात घोटलेले बटाटे. हॅगिसचा घास भुरभुरीत, मिरीने सणसणीत, काळजाच्या चवीमुळे खोल लागणारा. ओटमुळे त्याला खमंगपणा येतो. स्वीडचा गोडवा त्या तिखटपणाला आवरतो आणि बटाटा दोघांना एकत्र आणतो. मला तो पहिल्या घासापासून आवडला. कलेजी आवडीने खाणाऱ्या कुणाही मराठी माणसाला आवडेल.

शाकाहारी मंडळींनाही या पंगतीत पूर्ण जागा आहे. १९८४ साली एडिंबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररी सुरू झाली, त्या समारंभासाठी मॅकस्वीन या तिथल्या हॅगिस करणाऱ्या घराण्याने डाळी, शेंगवर्गीय दाणे, भाज्या, बिया आणि ओट यांचा शाकाहारी हॅगिस केला. तो इतका लोकप्रिय झाला की आज कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो. आमच्या टेबलावरच्या एका अहमदाबादच्या मैत्रिणीने तो दोनदा मागून घेतला. त्यानंतर गोड म्हणून क्रॅनाकन आलं : घट्ट साय, भाजलेले ओट, मध, रासबेरी आणि थोडी व्हिस्की.

जेवण झाल्यावर या रात्रीचा गाभा सुरू होतो. त्याला ‘इम्मॉर्टल मेमरी’ म्हणतात. एक वक्ता बर्न्सविषयी बोलतो आणि शेवटी सर्वांना उभं करून त्याच्या स्मृतीला प्याला उंचवायला सांगतो. आमच्याकडे निवृत्त शाळामास्तर आले होते. साध्या बोलण्यातून त्यांनी एक आयुष्य उभं केलं.

बर्न्सचा जन्म १७५९चा, एअरशायरमधल्या अ‍ॅलोवे गावचा. वडील विल्यम माळीकाम आणि कुळाने शेती करणारे. घराच्या मातीच्या भिंती त्यांनी स्वतः उभारलेल्या. शेत नापीक, खंड जबर, पण या माणसाने शेजाऱ्यांबरोबर वर्गणी काढून मुलांना शिकवायला मास्तर ठेवला. आई अ‍ॅग्नेसला जुनी लोकगीतं येत. ती मुलाच्या कानात बसली. जमीनदाराशी कज्जा लढून थकलेले वडील १७८४ साली गेले आणि रॉबर्ट आणि त्याचा भाऊ गिल्बर्ट कुटुंबाचा भार ओढू लागले. नांगर धरता धरता त्याने कविता रचल्या. नांगराच्या फाळाने उंदराचं बीळ मोडलं म्हणून त्या उंदरालाच उद्देशून लिहिलेली त्याची कविता जगभर गेली. जॉन स्टाइनबेकने आपल्या कादंबरीचं शीर्षक तिच्यातूनच घेतलं. जुलै १७८६मध्ये किल्मार्नॉक गावी त्याचं पहिलं पुस्तक निघालं. ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग, त्याही आगाऊ ग्राहक गोळा करून छापलेल्या. महिन्याभरात त्या जवळजवळ संपल्या आणि सत्तावीस वर्षांचा शेतकरी एडिंबराच्या दिवाणखान्यांत पोहोचला.

इथे मास्तर थांबले आणि त्यांनी जो भाग सांगितला त्यामुळे माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर वाढला. पुस्तक चाललं नसतं तर बर्न्स जमैकाला जाणार होता. तिथल्या उसाच्या मळ्यावर त्याने नोकरी पत्करली होती आणि त्या मळ्यावर राबणारे लोक गुलाम होते. माणसा-माणसांतल्या समतेचं गाणं लिहिणारा कवी गुलामांवरच्या देखरेखीच्या कामाला निघाला होता, ही गोष्ट झाकायची नाही, असं मास्तर म्हणाले. स्त्रियांशी तो कसा वागला, तेही त्यांनी सांगितलं. आणि मग त्याची दुसरी बाजूही मांडली : पुढे अबकारी खात्यात नोकरी करत असताना, प्रकृती ढासळत असताना त्याने गावोगावची जुनी गाणी गोळा केली, मोडकी कडवी सांधली, चालींना शब्द दिले. जेम्स जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या सहा खंडांच्या संग्रहासाठी तो वर्षानुवर्षं गाणी पुरवत राहिला आणि त्याचा मोबदला त्याने घेतला नाही. १७९६च्या जुलैत तो डम्फ्रीझला वारला तेव्हा ३७ वर्षांचा होता. अंत्ययात्रेच्या दिवशीच त्याच्या बायकोला, जीनला, मुलगा झाला.

ही प्रथा सुरू कशी झाली, तेही मास्तरांनीच सांगितलं. १८०१च्या जुलैत, बर्न्सला जाऊन पाच वर्षं झाली तेव्हा, त्याच्या ओळखीचे आणि चाहते असे नऊ जण अ‍ॅलोवेच्या त्याच्या जन्मघरात जमले. त्या वेळी तिथे गुत्ता चालत असे. हॅमिल्टन पॉल या धर्मोपदेशकाने पुढाकार घेतला होता. हॅगिस आणि मेंढीचं मुंडकं खाऊन, हॅगिसवरची कविता म्हणून, बर्न्सच्या स्मृतीला प्याले उंचावून मंडळी पांगली ती दरवर्षी भेटायचं ठरवूनच. पुढे ग्रीनॉक इथे बर्न्स क्लब निघाला. त्यांनी १८०२मध्ये जयंती साजरी केली ती २९ जानेवारीला. चर्चच्या दप्तरात खरी तारीख सापडल्यावर २५ जानेवारी कायम झाली. तेव्हापासून स्कॉटिश माणूस नोकरीसाठी, व्यापारासाठी जिथे जिथे गेला तिथे हे जेवण गेलं.

मास्तरांचं बोलणं संपलं, आम्ही उभे राहून स्मृतीला प्याले उंचावले आणि वातावरण सैल झालं. पुढचा ‘टोस्ट टू द लॅसीज’ हा पुरुषाने स्त्रियांना उद्देशून केलेला हसता-खेळता वार, त्याला स्त्रीने द्यायचं उत्तर हा प्रतिवार. आमच्याकडे उत्तर द्यायला लागोसची एक संशोधक विद्यार्थिनी उभी राहिली आणि तिने बर्न्सच्याच कवितांचे दाखले देत आधीच्या वक्त्याला चारी मुंड्या चीत केलं.

मग गाणी आणि कविता. समतेवरचं ते गाणं, ‘अ मॅन्स अ मॅन फॉर अ’ दॅट’, सुरू झालं तसा सगळा हॉल त्यात मिसळला. १ जुलै १९९९ रोजी स्कॉटलंडची नवी संसद सुरू झाली तेव्हा शीना वेलिंग्टन या गायिकेने हेच गाणं गायलं होतं आणि जमलेले लोकप्रतिनिधी शेवटच्या कडव्यात तिच्याबरोबर गायले होते. परदेशी विद्यार्थ्यांनाही आपल्या भाषेतलं काही म्हणायचं आमंत्रण होतं. मी बहिणाबाई चौधरींची कविता म्हटली. आधी थोडक्यात सांगितलं की, खानदेशातल्या या शेतकरीण कवयित्रीला अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात, जात्यावर बसून तिने आपल्या बोलीत ओव्या रचल्या, त्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवल्या आणि तिच्या निधनानंतर, १९५२मध्ये, अत्र्यांच्या पुढाकाराने त्या पुस्तकरूपात आल्या. म्हणून झाल्यावर ते निवृत्त मास्तर माझ्याजवळ आले आणि त्यांनी विचारलं, ‘तिच्या जन्मदिवशी तुम्ही काय जेवता?’

मी त्यांना कबूल केलं की तसं काही ठरलेलं नाही. पण तो प्रश्न त्यांनी इतक्या स्वाभाविकपणे विचारला होता की तो माझ्या मनात रुतून बसला.

टेबलं भिंतीला लावून ‘केली’, म्हणजे तिथला समूहनाच, सुरू झाली. फिडल, अकॉर्डियन आणि पुढे काय करायचं ते ओरडून सांगणारा एक जण. ‘गे गॉर्डन्स’ जोडीजोडीने, ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ तिघा-तिघांच्या रांगांनी, आणि ‘स्ट्रिप द विलो’मध्ये तर समोरासमोरच्या दोन लांब रांगांतून प्रत्येकाच्या हाताला धरून गरगर फिरत जायचं. पावलं चुकली तरी समोरचा हात धरून योग्य दिशेला वळवतो. ओळख नसलेल्या माणसांना अर्ध्या तासात एकमेकांच्या ओळखीचं करण्याची ही उत्तम युक्ती आहे.

शेवट ‘ऑल्ड लँग साइन’ने. एका म्हाताऱ्याकडून ऐकून आपण हे जुनं गाणं उतरवून घेतलं, असं बर्न्सने लिहून ठेवलं आहे. त्यात स्वतःची भर त्याने घातलीच. आज जगभर ज्या चालीवर ते म्हणतात, ती मात्र त्याच्या मृत्यूनंतर जोडली गेली. रवींद्रनाथ ठाकुरांनी याच चालीवर बंगाली गीत रचलं, त्यामुळे माझ्या शेजारची कोलकात्याची मुलगी ते आपल्या शब्दांत गात होती. सगळे वर्तुळात उभे राहतात. हात आडवे गुंफायचे ते फक्त शेवटच्या कडव्याला, कारण मित्राच्या हातात हात देण्याचा उल्लेख तिथेच येतो.

थंडी ओसरल्यावर मी अ‍ॅलोवेला गेलो. ग्लासगो सेंट्रलहून रेल्वेने साधारण तासाभरात एअर गाव येतं, तिथून बस मिळते. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने ते गवती छपराचं बैठं घर जपलं आहे. माणसं आणि गुरं एकाच लांब छपराखाली. स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेला पलंग, तिथे तो जन्मला. जवळच आधुनिक संग्रहालय आहे, पडकं जुनं चर्च आहे जिथे वडिलांची कबर आहे, आणि दून नदीवरचा कमानीचा जुना पूल, ज्यावर ‘टॅम ओ’ शँटर’ या बर्न्सच्या कवितेतली घोडी चेटकिणींपासून पळताना शेपूट गमावते. कविता ठाऊक असेल तर पूल ओलांडताना पाय आपोआप भरभर पडतात. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या आरंभी स्कॉटलंडमध्ये असाल, तर एखाद्या गावच्या सभागृहातल्या सपरचं तिकीट जरूर काढा.

घरी परतल्यावरही मी मास्तरांच्या प्रश्नाचा विचार करत राहिलो. बर्न्सचं स्मरण टिकलं ते पुतळ्यांमुळे नव्हे. पुतळे त्याचे ठिकठिकाणी आहेत. ते टिकलं कारण या जेवणाचा सांगाडा ठरलेला आहे आणि त्याच्या मधल्या जागा मोकळ्या आहेत. प्रार्थना, मिरवणूक, हॅगिसवरची कविता, शेवटचं गाणं : हे बदलत नाही, म्हणून ते कुठेही, कुणालाही, परवानगीवाचून करता येतं. पण स्मृतीचं भाषण, स्त्री-पुरुषांचे वार-प्रतिवार, मधली गाणी दरवर्षी नवी असतात. तिथे कवीचं कौतुक होतं, त्याला जाबही विचारला जातो, आणि लागोसहून किंवा खानदेशातून आलेल्या शब्दांनाही जागा मिळते. शिवाय कविता कागदावर राहत नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी असते.

आपल्याकडे २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. एडिंबरामध्ये बर्न्स सपरनंतर महिन्याभराने आलेल्या त्या दिवशी आम्ही मराठी मुलांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पिठलं-भाकरी केली आणि एकच नियम ठेवला : कविता पाठ म्हणायची, फोनमधून वाचायची नाही. एकाने कुसुमाग्रजांवर बोलायचं, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. हे कुणालाही, कुठल्याही गावात, आपल्या आवडत्या कवीसाठी करता येईल. त्याला संस्था लागत नाही, सभागृह लागत नाही; अ‍ॅलोवेच्या गुत्त्यात १८०१ साली जमलेली माणसं नऊच होती.